मोबाइलवर ‘अकोला’ का दिसत नाही?

जुनं मराठी संकेतस्थळ मोबाइलवर उघडलं की कधी कधी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मोबाइल बिघडलेला नसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी साठवलीच जात नाही. ‘अकोला’ म्हणून साठतं व्ही-डी-के-एस-वाय-के, ‘अमरावती’ म्हणून व्ही-ई-जे-के-ओ-आर-एच. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर ही खिचडी! शोधयंत्रालाही त्यात अकोला सापडत नाही.

मग मोबाइलनेच हे जुनं तंत्र चालवावं का? माझं स्पष्ट मत: नाही. जुन्या संकेतस्थळांवर ॲनिमेशन आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश या दुसऱ्या जुन्या तंत्राचंच बघा. आयफोनने ते कधीच घेतलं नाही, ॲडोबीने 2011 मध्ये मोबाइलसाठीचं काम थांबवलं आणि 2020 अखेर फ्लॅशच बंद केलं. बॅटरी खाणारं आणि सुरक्षेला भोकं पाडणारं तंत्र खिशात कशाला वागवायचं?

पण मजकूर मात्र वाचवायलाच हवा. प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड 1991 पासून आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरा, पण नंतर मजकूर डोळ्यांखालून घालाच. ‘विदर्भ’ घ्या: कृतिदेवमध्ये वेलांटी ‘व’च्या आधी आणि रफार ‘भ’च्या नंतर टंकतात, युनिकोडमध्ये दोन्ही क्रम उलटे. चुका नेमक्या इथेच होतात.

अकोला-अमरावतीकरांनो, गावाचा इतिहास, संस्थेची स्मरणिका, कवितासंग्रह अशा कृतिदेवमधल्या फायली कुणाच्या संगणकात पडून असतील, तर मूळ प्रत जपून ठेवा आणि युनिकोड प्रत आजच करायला घ्या.