आजीची पदवी

माझी आजी १९४२ साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवीधर झाली. नोकरीसाठी गेली, तर साहेब म्हणाले, "बाई, ही पदवी सरकारमान्य नाही!"

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णासाहेबांनी १९१६ साली पुण्यात हे विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून! विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली मिळाली. तोवर आजीच्या पदरी तीन मुले. तरी तिने ट्रंकेतली पदवी काढून चौकटीत बसवून घेतलीच!

पुढे १९७४ साली नीरा देसाईंनी तिथेच स्त्रियांच्या प्रश्नांचे संशोधन केंद्र सुरू केले. ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे आता आमचीही विचारपूस होणार म्हणायची!"