ग्राफिक्स प्रोसेसरची पाणीपाळी

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० व उभ्या ओळीत १०८०, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा रंगवले, तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी वेळा ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. हे गणित अवघड नाही, पण अफाट आहे. या कामासाठी मुख्य प्रोसेसरच्या जोडीला जो वेगळा प्रोसेसर आला, तो ग्राफिक्स प्रोसेसर किंवा जीपीयू.

या दोहोंतला फरक वर्गात सहज दाखवता येतो. फळ्यावर १०० गुणाकार लिहा. वर्गातल्या सर्वांत तरबेज विद्यार्थ्याला ते सगळे करू द्या आणि बाकीच्या ५० जणांना प्रत्येकी दोन द्या. पन्नास जणांचे काम आधी संपेल. आता असे गणित द्या, की प्रत्येक उत्तर पुढच्या पायरीत वापरावे लागेल. येथे पन्नास जणांचा काही उपयोग नाही. तरबेज विद्यार्थीच जिंकेल. मुख्य प्रोसेसर हा तो तरबेज विद्यार्थी. जीपीयू म्हणजे तो वर्ग, फक्त पट फार मोठा. एनव्हिडिया कंपनीच्या २०२० सालच्या ए-१०० या जीपीयूमध्ये असे ६,९१२ गणनघटक आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेशी याचा संबंध काय? चित्र ओळखणारे वा भाषा हाताळणारे जाळे म्हणजे मुख्यतः संख्यांचे मोठमोठे तक्ते. त्यांचे गुणाकार करायचे आणि बेरजा घ्यायच्या. यातले बहुतेक गुणाकार एकमेकांवर अवलंबून नसतात. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर व जेफ्री हिंटन यांनी सुमारे ६ कोटी गुणांक असलेले जाळे पाच-सहा दिवसांत शिकवून तयार केले. त्यासाठी त्यांनी खेळांसाठी विकले जाणारे दोन जीपीयू वापरले. प्रत्येकाची स्मृती ३ जीबी होती. एकात जाळे मावेना, म्हणून ते दोघांत विभागावे लागले. स्मृतीची ही अडचण पुढे पुन्हा भेटणार आहे.

दूरचा संगणक, जवळचा पडदा

मोठे जीपीयू महाग असतात आणि एका विद्यार्थ्याच्या हाती ते बराच वेळ रिकामे राहतात. तो आज्ञावली लिहीत असतो, चूक शोधत असतो, विचार करत असतो; तेवढा वेळ जीपीयू स्वस्थ असतो. मग तो अनेकांनी मिळून का वापरू नये? कल्पना जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल, अशी व्यवस्था दाखवली होती.

आज याचे एक रूप म्हणजे आभासी डेस्कटॉप. एका शक्तिमान संगणकावर अनेक आभासी संगणक चालतात. विद्यार्थ्यासमोरचे यंत्र जुने असले तरी चालते. त्याच्या कळा आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात, तिकडून पडद्याचे चित्र संकुचित होऊन येते. जाण्यायेण्यात सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक वेळ गेला, तर हाताला अडखळल्यासारखे वाटते. म्हणून येथे यंत्रापेक्षा जोडणी चांगली लागते.

वाटणी कशी होते?

वाटणीचे दोन मार्ग आहेत. पहिला पाणीपाळीचा. पाटाचे सगळे पाणी एका शेताला, मग दुसऱ्याला. तसे जीपीयूचे सगळे गणनघटक क्षणभर एकाला, मग दुसऱ्याला मिळतात. ही पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजतात. स्मृतीची मात्र पाळी नसते. ती शेतासारखी प्रत्येकाला आधीच मोजून दिलेली असते. शेजारी स्वस्थ असेल, तर त्याची पाळी आपल्याला देता येते. पण चौघे एकदम कामाला लागले, तर एकट्याने १० मिनिटांत होणारे काम ४० मिनिटांवर जाते.

दुसरा मार्ग पाटच कायमचा विभागण्याचा. ए-१०० चे असे सातपर्यंत भाग पाडता येतात. शेजाऱ्याने कितीही काम काढले, तरी आपला वाटा हलत नाही. पण तो झोपला असला, तरी त्याचा वाटा आपल्याला मिळत नाही. ४० जीबी स्मृतीच्या ए-१०० मध्ये प्रत्येक भागाला सुमारे ५ जीबी येते. चौकस विद्यार्थी विचारेल, सात पाचे पस्तीस, मग उरलेले पाच कुठे गेले? स्मृतीचे भाग आठ पडतात आणि गणनघटकांचे सात. अशा वाटणीत स्मृतीचा आठवा भाग पडून राहतो.

पाच जीबीत काय मावते? ७०० कोटी गुणांकांचे भाषा-प्रारूप घ्या. प्रत्येक गुणांकाला दोन बाइट धरले, तर १४ जीबी होतात. ते मावणार नाही. गुणांक चार बिटांत, म्हणजे अर्ध्या बाइटात लिहिले, तर साडेतीन जीबी होतात. थोडी अचूकता गमावून ते मावते. पण हे झाले तयार प्रारूप वापरण्याचे. तेच पहिल्यापासून शिकवायचे, तर नेहमीच्या पद्धतीत दर गुणांकाला सुमारे १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी लागतात. म्हणजे वाटणीतल्या जीपीयूवर लहान प्रारूपे शिकवता येतात आणि मध्यम प्रारूपे वापरता येतात. अभ्यासासाठी एवढे पुष्कळ आहे.

सामायिक वस्तूचा एक धोकाही आहे. एका शिक्षकाचा तास संपला आणि फळा न पुसताच दुसऱ्याचा सुरू झाला, तर आधीचे लिखाण सर्वांना दिसते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या कंपनीच्या संशोधकांनी नेमके हेच दाखवले. काही कंपन्यांच्या जीपीयूंच्या स्मृतीत आधीच्या कामाचे अवशेष राहत आणि दुसऱ्याची आज्ञावली ते वाचू शके. त्यातून भाषा-प्रारूपाने दिलेली उत्तरेही जुळवता येत होती. म्हणून अशा यंत्रावर विद्यार्थ्यांचे गुण किंवा रुग्णांची माहिती ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच: पाळी बदलताना फळा कोण पुसतो?

शेवटी वर्गासाठी एक उदाहरण. सात भाग आणि एकवीस विद्यार्थी आहेत. प्रत्येकाला आठवड्यात चार तास हवेत, आणि प्रयोगशाळा रोज तीन तास, आठवड्यात पाच दिवस उघडी असते. तास पुरतात का? आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे एकदम आले तर वाटणी कशी करावी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात सापडेल. दुसऱ्याचे विद्यार्थ्यांनी आपसांत ठरवावे आणि त्यामागची कारणे लिहून काढावीत.