दगडाला चव असते काय?

गेल्या पास्काच्या सणानंतर एक जर्मन धर्मगुरू आमच्याकडे चार दिवस मुक्कामाला होते. मोझेल नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म. वडील आणि आजोबा द्राक्षमळेवाले. येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या होत्या. एक, घरच्या मळ्यातील रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या मद्याची बाटली. आणि दुसरी, कागदात गुंडाळलेली काळसर दगडाची एक कपची. रात्रीच्या जेवणास बाटली उघडली. मद्य सुके होते, म्हणजे त्यातील साखर जवळजवळ सारी आंबून गेलेली. लिंबाची आठवण करून देणारा आंबटपणा, मागाहून काहीशी खारट, कोरडी झाक. पाहुण्यांनी ती कपची आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “तुम्हांला लागली ती या दगडाची चव.”

पंगतीस आमचे शेजारी, पेडण्याकडील एक वयोवृद्ध काजूबागायतदार, बसले होते. आम्ही त्यांना पाहुण्यांचे बोलणे समजावून सांगितले. त्यांना त्याचे काडीचेही नवल वाटले नाही. “पाद्रीबाब, त्यांना सांगा,” ते म्हणाले, “सड्यावरच्या बोंडांचा हुर्राक कुठला आणि खाली शेताच्या कडेच्या बोंडांचा कुठला, हे मी डोळे मिटून सांगेन. दगड बोलतो.”

दगड खरोखरच बोलतो काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मनात घोळत राहिला. मद्याची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही, हे आमचे वाचक जाणतातच. भाटीने आमच्या भागातील कित्येक घरे चालविली आहेत आणि काही मोडलीही आहेत. त्याविषयी आम्ही प्रवचनपीठावरून पुष्कळदा बोललो आहोत. आज विषय निराळा आहे.

प्रथम पाहुण्यांच्या दगडाकडे वळू. रीसलिंग द्राक्षाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४३५ सालच्या एका जर्मन हिशेबात सापडतो. त्याच्या प्रसारात चर्चचा हात मोठा आहे. ऱ्हाइनकाठच्या योहानिसबर्ग येथील बेनेडिक्टाइन मठाच्या मळ्यात १७२० साली या एकाच द्राक्षाची लागवड झाली. पुढे १७८७ साली ट्रिअरचे आर्चबिशप, जे त्या प्रांताचे राज्यकर्तेही होते, त्यांनी मोझेलकाठच्या हलक्या प्रतीच्या वेली उपटून चांगल्या लावाव्यात असा हुकूम काढला. हे मळे नदीकाठच्या अशा उतारांवर आहेत की, काही ठिकाणी चढ ६० अंशांहूनही अधिक भरतो. तेथे मातीपेक्षा पाटीच्या दगडाच्या कपच्याच जास्त. हा दगड सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलापासून घडला. द्राक्ष पिकण्याच्या अगदी उत्तरेकडील सीमेवर तो प्रदेश असल्याने तेथे उन्हाचा एकेक किरण मोलाचा. काळी कपची दिवसा तापते, सायंकाळी ती ऊब वेलीला परत करते. पावसाचे पाणी कपच्यांमधून झरझर खाली जाते, आणि त्या पाण्याच्या शोधात मुळे खडकाच्या फटींतून खोल उतरतात. द्राक्ष सावकाश पिकते. त्यातील आम्ल शाबूत राहते. ज्याला आपण रीसलिंगची चव म्हणतो ती येथे जन्मास येते.

पण दगड स्वतः पेल्यात उतरतो काय? याचे उत्तर भूशास्त्रज्ञ नकारार्थी देतात. वेल्समधील अबरिस्टविथ विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले ॲलेक्स माल्टमन यांनी २०१८ साली द्राक्षमळे, खडक आणि माती या विषयावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन सरळ आहे. खडकातील खनिजे बहुतांशी पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना वास नसतो, आणि चवही नसते. मुळे जे शोषून घेतात ते पालाश, चुना, मॅग्नेशियम यांचे विरघळलेले सूक्ष्म अंश. आणि मद्यात ते इतके थोडे उरतात की जिभेस त्यांचा पत्ता लागत नाही. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा एक वास येतो, तो पाटीच्या दगडाचा, असे पुष्कळांस वाटते. प्रत्यक्षात ऊन लागलेल्या द्राक्षातील रंगद्रव्ये मोडून जो एक पदार्थ हळूहळू तयार होतो, त्याचा तो वास आहे. आमच्या पाहुण्यांना ही माहिती आम्ही पत्राने कळविली. त्यांचे उत्तर आले: माझ्या आजोबांना हे सांगण्याची माझी छाती झाली नसती.

मग आमच्या शेजाऱ्यांचे काय? तेही चुकले म्हणावयाचे काय?

आमच्या पेडणे-डिचोलीचा दगड म्हणजे जांभा. घरांच्या भिंती, चर्चचा दर्शनी भाग, विहिरीचा कठडा, सारे या चिऱ्यांचे. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. हजारो शतकांच्या पावसाने मूळ खडकातील चुना, पालाश आणि बरीचशी वाळू धुऊन नेली. मागे राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून त्याचा रंग तांबडा, त्याची माती आंबूस आणि अन्नाच्या दृष्टीने दरिद्री. भातशेतीला सडा निरुपयोगी. पण जांभ्याच्या अंगी एक मोठा गुण आहे. तो छिद्राछिद्रांचा असल्याने पावसाळ्याचे पाणी पिऊन घेतो आणि उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने थोडेथोडे सोडतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू या दरिद्री दगडावर असा रुजला की जणू येथलाच. त्याला पाणी साचलेली जमीन मुळीच सोसत नाही. सड्याच्या उतारावर मात्र त्याची मुळे भेगांतून खोल जातात. मार्च ते मे, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असण्याच्या दिवसांत, बोंडे पिकतात. पाणी बेताचे असले की फळात रस थोडा पण दाट भरतो. खालच्या ओलसर जमिनीतील बोंड फुगीर खरे, पण पाणचट. आमच्या शेजाऱ्यांची जीभ जे ओळखते ते हे असावे. तेव्हा त्यांचा निष्कर्ष बरोबर, कारण मात्र थोडे बाजूला सरकलेले. दगड फळाला काही देतो म्हणून नव्हे, तर तो हात राखून देतो म्हणून चव येते.

आणि खरे सांगावयाचे तर आमच्याकडे दगडाचा आणि रसाचा संबंध जर्मनीपेक्षाही निकटचा आहे. झाडावरून आपोआप गळून पडलेले बोंडच वेचावयाचे, तोडावयाचे नाही, हा जुना नेम. बी पिळून काढल्यावर बोंडे कोळमीत टाकतात. कोळमी म्हणजे टेकडीवरच्या खडकातच कोरलेले उथळ टाके. त्यात उतरून पायांनी बोंडे तुडवीत. संदेष्टा यशया याच्या पाचव्या अध्यायात टेकडीवर मळा लावणारा, धोंडे वेचून काढणारा आणि द्राक्षकुंड खोदणारा जो धनी आहे, तो वाचताना आमच्या डोळ्यांपुढे नेहमी कोळमी येते. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्याभोवती वेल गुंडाळतात व वर मोठा धोंडा ठेवतात. त्यातून ठिबकतो तो नीरो, तो ताजाच पितात. पहिला रस मडक्यात सुमारे तीन दिवस आंबतो. बाहेरचे यीस्ट त्यात घालीत नाहीत. फळावर आणि हवेत जे सूक्ष्म जीव असतात तेच हे काम करतात. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा हुर्राक साधारण १५ टक्के मद्यार्काचा. तो पुन्हा भट्टीवर चढला की ४० टक्क्यांवर जाणारी फेणी. आता पायांची जागा पुष्कळ ठिकाणी दाबयंत्राने आणि मडक्याची जागा प्लॅस्टिकच्या पिंपाने घेतली आहे.

या काजूच्या रसाने मिस्सा होऊ शकत नाही, हे ओघाने सांगून ठेवतो, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता. मिस्साचा द्राक्षारस वेलीच्या फळाचाच असावा, असा चर्चचा नियम आहे.

मोझेलच्या बाटलीवर गावाचे आणि पुष्कळदा त्या उताराचेही नाव असते. आमच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली राज्याचे वारसापेय म्हणून तिचा गौरव झाला. परंतु नाव एकच, गोवा. रस काढण्याचे हक्क अबकारी खाते झोनवार लिलावाने देते, त्यामुळे दहा टेकड्यांची बोंडे एकाच भाटीत येतात आणि सड्याचा दाट रस व शेताकडचा पाणचट रस एक होऊन जातो. कोणा टेकडीचे नाव बाटलीवर जावे, अशी वेळ आमच्याकडे अद्याप आलेली नाही. ती येण्यापूर्वी टेकड्याच राहतील की नाही, हा आमच्या चिंतेचा खरा विषय आहे.

डिचोलीत जांभ्याच्या टोपीखाली लोहखनिज आहे. ते काढावयाचे म्हणजे आधी टोपी उचलावयाची. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. पाणी धरून ठेवणारा थर तोच. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी उपसून टाकतात, आणि पायथ्याची झरी व विहिरी आटतात. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, काही काळ चालू होऊन २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत काम परत सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. पर्यावरण परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१९ साली परवाना स्थगित झाला, २०२० साली स्थगिती उठली, आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळाने आणि खाणीने आमच्या मुलांना नोकऱ्या दिल्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. त्या पगारावर चालणारी घरे आमच्या धर्मग्रामातही आहेत. परंतु खनिजाचे जसे टनावर मोजमाप होते, तसे काजूच्या उताराचे आणि झरीचे कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. भरपाईच्या कागदावर झाडांची संख्या येते. झाडाखालचा दगड तेथे ‘पडीक’ या एका शब्दात संपतो.

आमच्या शेजाऱ्यांनी परवा आम्हांला आपल्या आज्याची कोळमी दाखविली. चढण दमविणारी होती. टाके पाच-सहा हात लांब, रस वाहून जाण्यासाठी कडेला एक खाच, आणि तळ पिढ्यान्पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. आत वाळलेली पाने व लाल धूळ साचली होती. त्यांनी हाताने पाने दूर सारली आणि कडेला बसले. “ही कुणाच्या नकाशात आहे, पाद्रीबाब?” एवढेच त्यांनी विचारले.

नकाशात ती नाही. म्हणून आम्ही ठरविले आहे की, धर्मग्रामातील आणि शेजारच्या वाड्यांवरील अशा सर्व कोळमींची व झरींची एक वही करावयाची. मग ते घर ख्रिस्ती असो वा हिंदू. ज्यांच्या टेकडीवर कोळमी असेल, चालू असो वा पडलेली, त्यांनी वाड्याचे नाव, साधारण लांबी-रुंदी आणि ती शेवटची कधी वापरली हे लिहून रविवारच्या मिस्सानंतर आमच्याकडे द्यावे. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांच्याकडे युवकमंडळाची मुले वही घेऊन येतील. काम पावसापूर्वी आटोपले पाहिजे. पुढे वाटांवर रान माजते.