आपल्या मागणीचे कलम आपल्याच लेकीवर

बोईसर-तारापूरच्या आपल्या घरांत मुलीच्या हाती पहिला मोबाईल देताना आई हमखास बजावते, "पालघरच्या मुलींचं काय झालं माहीत आहे ना? काही लिहू नकोस." त्या प्रकरणाचा शेवट मात्र कुणी सांगत नाही. तो सांगावा म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराचा दिवस. सगळीकडे बंद होता. हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा अर्थाचे पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर लिहिले. तिच्या मुस्लिमेतर मैत्रिणीने ते 'लाइक' केले. तरुणीने मजकूर काढला, माफीही मागितली. तरीही जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि दोघींना अटक झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. देशभर टीका झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे गुन्हाही बंद झाला.

याच घटनेनंतर दिल्लीच्या श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द केले. चर्चा करणे आणि मत मांडणे, ते कितीही कटू असो, हा हक्क आहे. चिथावणी दिली तरच कायद्याने आड यावे, असा त्या निकालाचा गाभा. तरीही पोलीस ६६-अ लावत राहिले, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. कुणाच्या मुलावर आजही हे कलम लागले, तर वकिलाला ही तारीख जरूर सांगा.

आता थोडी कडू गोष्ट. त्या तरुणीवर आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम २९५-अ लावले होते. हे कलम आले १९२७ साली. लाहोरच्या एका पुस्तिकेत प्रेषितांची (स.) बदनामी झाली, त्यावर आपल्याच समाजाच्या संतापानंतर. आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेला अपमानच त्यात बसतो. पण अटक करतेवेळी एवढे कोण पाहतो?

म्हणून आपण स्वतःलाच विचारायला हवे. आपल्याला न आवडणारे कुणी लिहिले की आपणही लगेच पोलीस ठाण्यात धावतो का? दंगल भडकवणाऱ्याविरुद्ध तक्रार करावीच. पण नुसत्या कडवट मताला उत्तर लेखणीने द्यावे. एखाद्या समाजाशी वैर असले तरी न्याय सोडू नका, असे सूरह माइदा बजावते.

लेकीला "लिहू नकोस" म्हणू नका. "खरे लिही, सभ्य लिही, पडताळून लिही" असे सांगा. आणि तिच्यावर वेळ आलीच, तर माफीनाम्याआधी वकील गाठा.