५१ वर्षांचं गणित : सिंटोया ब्राउनचा खटला आणि दयेची मर्यादा

अल्पवयीन मुलाच्या हातून खून झाला, तर त्याला किती शिक्षा द्यायची आणि ती कमी करायची झाल्यास कोणी करायची, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आपण एक माहितीपट समोर ठेवू : 'मी फेसिंग लाइफ : सिंटोयाज स्टोरी'. दिग्दर्शक डॅनियल बर्मन. अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर २०११ साली तो दाखवला गेला.

आधी घटना. ऑगस्ट २००४, टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. सिंटोया ब्राउन तेव्हा १६ वर्षांची होती. घरातून पळालेली, एका मोठ्या वयाच्या माणसाच्या ताब्यात सापडलेली. तो तिला मारहाण करून वेश्याव्यवसाय करायला लावत होता. त्या रात्री ४३ वर्षांच्या एका पुरुषाने तिला घरी नेलं. तिने त्याला गोळी घातली. तो बंदूक काढतोय असं वाटलं, जिवाच्या भीतीने मारलं, असं तिचं म्हणणं. तो झोपेत होता आणि चोरीसाठी खून झाला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. तिने त्याचे पैसे, बंदुका आणि गाडी नेली, हेही खरं. माणूस गेला, त्याच्या घरच्यांचं दुःख आहेच. ते बाजूला सारून हा विषय बोलता येत नाही.

बाल न्यायालयाने खटला प्रौढांच्या न्यायालयाकडे सोपवला. २००६ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेप.

आता 'जन्मठेप' म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. टेनेसीत जुलै १९९५ नंतरच्या गुन्ह्यांना जन्मठेप म्हणजे ६० वर्षं. चांगल्या वर्तणुकीची सूट जास्तीत जास्त १५ टक्के. ६० तून ९ गेले, राहिले ५१. म्हणजे पॅरोलचा विचारसुद्धा ५१ वर्षांनंतर. पकडली गेली १६ व्या वर्षी, बाहेर येण्याची पहिली शक्यता ६७ व्या वर्षी. आणि हा आकडा आरोपी १६ चा असो वा ४० चा, तोच. न्यायाधीशाला वय पाहून तो कमी करण्याची मुभाच नव्हती.

याच काळात अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय वेगळ्या दिशेने चाललं होतं. २००५ च्या रोपर निकालाने १८ वर्षांखालच्या गुन्हेगारांची फाशी बंद केली. कारणं साधी होती : मुलांची समज कच्ची असते, दबावाला ती लवकर बळी पडतात आणि त्यांचा स्वभाव अजून घडायचा असतो. २०१२ च्या मिलर निकालाने सांगितलं की पॅरोलविना जन्मठेप अल्पवयीनांना सरसकट, आपोआप देता येणार नाही. मग सिंटोयाची सुटका का नाही झाली? कारण तिच्या शिक्षेत पॅरोल कागदावर होता! फक्त ५१ वर्षांनी. डिसेंबर २०१८ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच गणित पुन्हा स्पष्ट केलं.

इथे माहितीपटाचं काम दिसतं. बर्मन यांनी अटकेनंतर लवकरच चित्रीकरण सुरू केलं आणि पुढे अनेक वर्षं ते चालू ठेवलं. कॅमेरा सिंटोयापाशी थांबत नाही. दत्तक आई आणि जन्मदात्री आई, दोघींकडे जातो. जन्मदात्री आई गरोदरपणात दारू प्यायची, त्याचा मुलीच्या मेंदूवर काय परिणाम झाला असेल, हा प्रश्न फिल्म विचारते. शिक्षा ठरवताना ज्या गोष्टींना जागाच नव्हती, त्यांना फिल्मने जागा दिली. ती पाहून चार्ल्स बोन या नॅशव्हिलच्या वकिलांनी खटला हाती घेतला. आणखी एक माणूस लक्षात ठेवा : प्रेस्टन शिप. सरकारी वकील म्हणून त्यांनी तिच्या अपिलाला विरोध केला होता. पुढे तुरुंगात शिकवायला गेले, तर वर्गात तीच विद्यार्थिनी! नंतर ते तिच्या सुटकेसाठी बोलू लागले.

२०१७ मध्ये समाजमाध्यमांवर मोहीम पेटली, रिहाना आणि किम कार्दाशियन यांनी नावं जोडली. २०१८ मध्ये पॅरोल मंडळाचे सहा सदस्य मात्र तिघाडीत अडकले : दोन सुटकेच्या बाजूने, दोन विरोधात, दोन म्हणाले २५ वर्षांनंतर बघू. अखेर ७ जानेवारी २०१९ ला, पद सोडायला दोन आठवडेही उरले नसताना, गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी शिक्षा सौम्य केली : १५ वर्षं तुरुंग, पुढे १० वर्षं देखरेख. ७ ऑगस्टला ती बाहेर आली. ही निर्दोष मुक्तता नाही, हे ध्यानात घ्या; दोषसिद्धी कायम आहे.

शेवट गोड झाला असं वाटतं ना? पण विचार करा. तिच्यामागे फिल्म होती, वकील होते, तारेतारका होत्या. ज्याच्याकडे कॅमेरा गेला नाही, त्याचं काय? दयेने एक माणूस सुटतो, नियम तसाच राहतो. टेनेसीत तो २०२२ पर्यंत राहिला. त्या वर्षी बुकर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांसाठीची ही आपोआप ५१ वर्षं घटनाबाह्य ठरवली. आता २५ ते ३६ वर्षांच्या दरम्यान पॅरोलची सुनावणी मिळते. सुटका मिळेलच असं नाही, पण कोणीतरी ऐकून घेईल, हा हक्क झाला.

आपल्याकडे? २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालू शकतो. मात्र फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं आणि त्याला सोडलं. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. कायद्याने तीनपेक्षा जास्त ठेवता आलं नसतं. उशीर भयंकर झाला. तरी तो सुटला तो कोणाच्या दयेने नव्हे. वयाचा मुद्दा कधीही, शेवटच्या निकालानंतरही मांडता येतो, या कायद्यातल्या तरतुदीने सुटला.

म्हणून माहितीपट पाहताना डोळे पुसा, पण एक प्रश्न सोबत ठेवा : या मुलीच्या जागी कोणालाच माहीत नसलेला मुलगा असता, तर कायद्याने त्याला कोणत्या दिवशी ऐकून घेतलं असतं? आता तुमचे प्रश्न घेऊ या.