विकायच्या घराला रंग कोणता द्यायचा?



घर विकायला काढणं ही बाईसाठी साधी गोष्ट नसते. कुणाला कर्ज फेडायचं असतं, कुणाला मुलांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायचा असतं, कुणाचं सगळं कुटुंबच शहरात गेलेलं असतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "एकदा रंग मारून घेऊ, चार पैसे जास्त येतील." ते खरंही आहे. पण रंग कोणता, कुठे आणि किती खर्चाचा, हे आधी ठरवायला हवं. नाहीतर आलेले चार पैसे रंगाऱ्यालाच जातात.

राहायच्या घराचा रंग आपल्या आवडीचा असतो. विकायच्या घराचा रंग येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. आपल्याला गडद गुलाबी आवडत असेल, पण घर बघायला आलेली बाई मनातल्या मनात तिथे आपलं कपाट ठेवून बघत असते, आपला देव्हारा मांडून बघत असते. भिंत फार बोलकी असली की तिला आपलं घर दिसत नाही, दुसऱ्याचंच दिसतं. शिवाय भडक रंग बदलायचा तर दोनाऐवजी तीन-चार हात द्यावे लागतात. तो खर्च ती लगेच किमतीतून वजा करते.

म्हणून सायीचा, हस्तिदंती, मोतिया किंवा अगदी फिकट बदामी, असा एखादा रंग निवडा आणि सगळ्या खोल्यांना तोच द्या. खोलीगणिक रंग बदलला की घर तुकड्यातुकड्यांचं आणि लहान वाटतं. एकच रंग घेतला तर उरलेला डबाही वाया जात नाही. छताला मात्र पांढराच रंग द्या. त्याने उजेड खाली फेकला जातो आणि छत उंच वाटतं.

मग भिंतीही पांढऱ्याशुभ्र का नकोत? तर आपल्याकडच्या माजघरात, आतल्या खोलीत उजेड कमी असतो. कमी उजेडात पांढरा रंग राखाडी, उदास दिसतो. त्यात थोडी पिवळसर झाक असली की तीच खोली उबदार वाटते. ज्या खोलीत दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं, तिथे मात्र पिवळा रंग आणखी पिवळा दिसतो. तिथे झाक अगदी कमी ठेवा.

रंग दुकानातल्या कागदावर बघून ठरवू नका. छोटा डबा आणा, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. मग तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा.

आता खर्च. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली धरू. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा केली की साधारण ४०० उरतात. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते डब्यावर लिहिलेलं असतं. समजा दोन हातांना लिटरमागे १०० चौरस फूट होत असेल, तर चार लिटर रंग लागेल. हा हिशेब आपणच करून ठेवला की रंगारी किती डबे सांगतो ते तपासता येतं. चुना सगळ्यांत स्वस्त, पण हाताला लागतो. डिस्टेंपर मधल्या किमतीचं. प्लास्टिक इमल्शन महाग, पण ओल्या फडक्यानं पुसता येतं. म्हणून ते स्वयंपाकघरापुरतं घेतलं तरी चालतं. बाकी खोल्यांना डिस्टेंपर पुरे.

रंगाआधीचं काम रंगाइतकंच महत्त्वाचं. चुलीची काजळी, देव्हाऱ्यामागचे तेलाचे डाग आणि टेकून बसल्याने उमटलेले डोक्याच्या तेलाचे डाग साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. तसाच रंग मारला तर डाग पुन्हा वर येतात. जुन्या चुन्याचे पोपडे खरवडून काढा, नाहीतर नवा रंग त्यांच्यासकट गळून पडतो. जुना ऑइलपेंट खरवडताना भिंत ओली करून घ्या आणि लहान मुलं, गरोदर बाया यांना लांब ठेवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ विषारी असते. आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रंग ओल झाकायला वापरू नका. भिंतीत ओल आहे का हे बघायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब साचले, तर पाणी भिंतीतून येतंय. गळकं छत, फुटका नळ, भिंतीलगत साचणारं पाणी, जे कारण असेल ते आधी दुरुस्त करा. पावसाळा संपून भिंती वाळल्या की, दसरा-दिवाळीनंतर, रंग काढा.

एवढं करायला पैसा नसेल तर ओल आहे हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि किंमत त्याप्रमाणे ठरवा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नीट बघूनही कळणार नाही असा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. ताज्या रंगाखाली लपवलेली ओल पहिल्या पावसात बाहेर येते. मग भांडण होतं, वेळ कोर्टापर्यंत जाते आणि गावात आपला शब्द पडतो. शिवाय त्या ओल्या भिंतीच्या घरात लेकरं घेऊन राहणारी बाई आपल्यासारखीच पै-पै जोडून आलेली असते.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी ओल थांबवा, मग भिंत धुवा, मग एकच फिकट रंग द्या. रंगाऱ्याशी मजुरी आणि डबे दोन्ही कागदावर लिहून ठरवा. स्वच्छ, उजेडाचं आणि खरं घर असेल, तर भाव करताना आपल्याला खाली बघावं लागत नाही.