वीज कोणाचीही, तार तीच

देगलूरच्या रुग्णालयात लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये जपाव्या लागतात. त्या शीतपेटीला वीज कोणत्या कंपनीची, याने फरक पडत नाही. ती अखंड हवी.

वीजनिर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळली, की वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. ही ग्रिडची नाडीच. पश्चिम विभागात ती मुंबईचे प्रादेशिक भार प्रेषण केंद्र पाहते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळले. पश्चिम ग्रिड वाचले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिडही उर्वरित देशाशी जोडले गेले.

मुंबई उपनगरांत काही ग्राहक वीज टाटांची घेतात, ती येते मात्र अदानींच्या तारांतून. असा पर्याय उद्या देगलूरला आला, तर बिल बदलेल. उपकेंद्र, तारा, रोहित्र तेच राहतील. म्हणून स्पर्धेआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : तारांची देखभाल कोण करणार आणि वीज गेल्यास जबाबदार कोण?

तोवर रुग्णालयांनी जनित्र दर आठवड्याला चालवून पाहावे. वीज गेल्यावर शीतपेटीचे झाकण उघडू नये. बंद पेटीत थंडावा बराच वेळ टिकतो.